मजूरमंत्री बाबासाहेब आणि आजारपणाचा खर्च

भोर सोडून वरंधा घाट उतरला की महाड लागते. आमच्या भोर आणि वेल्हे (म्हणजे आताचा राजगड) तालुक्यातल्या वस्त्यांतून 20 मार्चला जी माणसे चवदार तळ्यावर जातात, त्यांची वाट हीच. महाडचा संगर, काळाराम मंदिर, पुणे करार, संविधान, धम्मदीक्षा हा बाबासाहेबांच्या आयुष्याचा क्रम आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतो. या क्रमात 1942 ते 1946 ही चार वर्षे मात्र घाईने उरकली जातात. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते, एवढे एक वाक्य, आणि भाषण थेट घटना समितीवर जाते. आम्ही आज त्या चार वर्षांकडे, आणि त्यांच्या मागेपुढे, एकच प्रश्न घेऊन पाहणार आहोत. गरीब माणूस आजारी पडला तर पैसे कोणी भरायचे?

हा प्रश्न बाबासाहेबांना पुस्तकातून कळलेला नव्हता. 14 एप्रिल 1891 ला महूच्या लष्करी छावणीत त्यांचा जन्म झाला. रामजी सुभेदार आणि भीमाबाईंचे ते चौदावे अपत्य, आणि त्या चौदांतली बरीच भावंडे लहानपणीच गेलेली. (घराण्याचे मूळ गाव आंबवडे. ते मंडणगड तालुक्यातले. आमच्या भोर तालुक्यातले आंबवडे वेगळे.) साताऱ्याला असताना आई गेली, तेव्हा भीवा जेमतेम पाच वर्षांचा होता. पुढे स्वतःच्या संसारात गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे त्यांनी आणि रमाईंनी गमावली. राजरत्न जुलै 1926 मध्ये गेला, तेव्हा बाप परदेशी पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर होता. 27 मे 1935 ला दीर्घ आजारानंतर रमाईही राजगृहात गेल्या. परळच्या बीआयटी चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारात, त्यांनी वर्षानुवर्षे बिऱ्हाड केले. औषध आणि भाकरी यांतले काय आधी आणायचे, हा हिशेब त्या चाळीत दारोदार चालत असे.

1913 ला ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. 1916-17 मध्ये आणि पुन्हा 1920 ते 1923 या काळात लंडनला होते. मध्ये काही काळ जर्मनीत बॉनलाही गेले. त्यांचा विषय अर्थशास्त्र, आणि ज्या दोन देशांत ते राहिले त्यांनी आजारपणाच्या खर्चावर तोवर आपापले उत्तर काढले होते. जर्मनीत बिस्मार्कने 1883 साली कामगारांसाठी आजारविम्याचा कायदा केला. वर्गणीतला दोन तृतीयांश वाटा कामगाराचा आणि एक तृतीयांश मालकाचा. ब्रिटनमध्ये लॉईड जॉर्ज यांनी 1911 साली असाच कायदा आणला. (भाटघर धरणाला ज्यांचे नाव दिले होते ते गव्हर्नर लॉईड दुसरे.) त्यात कामगाराने आठवड्याला चार पेन्स, मालकाने तीन आणि सरकारने दोन भरायचे. डॉक्टर मिळायचा तो मात्र एकट्या कामगाराला. त्याची बायको आजारी पडली, पोर तापाने फणफणले, तर खर्च घरचा. बाबासाहेब लंडनच्या ग्रंथालयांत अर्धपोटी बसून वाचत होते तेव्हा तिथली व्यवस्था ही अशी होती.

त्यांच्या कोलंबियाच्या प्रबंधातून तयार झालेला ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ 1925 साली लंडनमध्ये छापला गेला. नाव रुक्ष आहे आणि आमच्यापैकी फार कमी लोकांनी तो हातात घेतला असेल. पण दवाखान्यांचा विषय समजायला तो कामाचा आहे. 1919 च्या सुधारणांनी आरोग्य आणि शिक्षण ही खाती प्रांतातल्या हिंदी मंत्र्यांकडे सोपवली, आणि तिजोरीची किल्ली गोऱ्या साहेबांकडेच ठेवली. काम एकाकडे आणि पैसा दुसऱ्याकडे, अशा द्विदल राज्यपद्धतीतले दोष बाबासाहेबांनी त्या ग्रंथात दाखवून दिले आहेत. सार्वजनिक आरोग्य ही दानधर्माची बाब नसून महसुलाची बाब आहे, हे ज्याला आकड्यांत कळते तोच पुढे त्यावर कायदा करू शकतो.

1927 पासून ते मुंबई कायदे कौन्सिलचे सरकारनियुक्त सभासद होते. जुलै 1928 मध्ये तिथे गिरण्या-कारखान्यांतल्या स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा देणारे विधेयक चर्चेला आले. मालकवर्गाचा विरोध होता. आमच्या मते बाबासाहेबांचे या विधेयकावरचे भाषण हा त्यांच्या पुढच्या सगळ्या मजूरविषयक कामाचा पाया आहे, म्हणून त्याचा आशय नीट सांगतो. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा मोठा भार खरे तर सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. पण एवढ्यावरून मालक सुटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मालक बाईला कामावर ठेवतो ते त्यात त्याचा नफा असतो म्हणून. ज्याला नफा त्याच्यावर जबाबदारीचा वाटा. कायदा 1929 ला झाला आणि मुंबई इलाख्यातल्या कारखान्यांना लागू झाला. भार सरकारचा आणि नफेखोराचाही, ही वाटणी नंतर कुठेच त्यांनी सोडलेली दिसत नाही.

1936 साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1938 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई विधानसभेत या पक्षातर्फे संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव आला. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते, तो पी. जे. रोहम यांनी मांडला. वारंवारच्या बाळंतपणांनी बायका मरतात हे सभागृहात बोलणेही तेव्हा अनेकांना अश्लील वाटे. ठराव पडला.

जुलै 1942 मध्ये बाबासाहेब कार्यकारी मंडळात आले आणि मजूर खाते त्यांच्याकडे गेले. पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. तोवर कामगारविषयक निर्णय साहेब आणि मालक मिळून घेत. आता कामगारांचे प्रतिनिधी त्याच मेजावर बसले.

डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादच्या कोळसा पट्ट्यात गेले आणि खाणीत उतरले. वर राहून अहवाल मागवणारे मंत्री खूप झाले. खाली जाऊन काळोखात कोळसा फोडणाऱ्या माणसांशी बोलणारा हा निराळा होता. 31 जानेवारी 1944 ला कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावर टनामागे उपकर बसवायचा, आणि तो पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळू न देता खाणमजुरांची घरे, पाणी, दवाखाने यांवर खर्च करायचा. मजुराच्या मजुरीला हात लावायचा नाही. 1928 च्या भाषणातला विचार इथे कायद्याच्या कलमात उतरला. 1946 मध्ये अभ्रक खाणींसाठीही असाच निधी झाला. खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात 1943 आणि 1945 साली त्यांनी दुरुस्त्या आणल्या.

याच काळातली एक गोष्ट आमच्या सभांतून सांगितली जात नाही, ती इथे सांगायला हवी. युद्धासाठी कोळसा कमी पडतो म्हणून सरकारने 1943 च्या ऑगस्टमध्ये स्त्रियांना जमिनीखाली कामाला लावण्यावरची बंदी उठवली. हे बाबासाहेबांच्याच खात्याच्या काळात झाले आणि महिला संघटनांनी त्यावर सडकून टीका केली. बंदी पुन्हा आली ती फेब्रुवारी 1946 मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत. सरकारात बसलेल्या माणसाला काय काय पचवावे लागते ते यातून दिसते. हा भाग झाकल्याने बाबासाहेब मोठे होत नाहीत.

आता विम्याकडे येऊ. मार्च 1943 मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना करण्याचे काम दिले. त्यांचा अहवाल ऑगस्ट 1944 मध्ये आला. विमा सक्तीचा, कामगार आणि मालक दोघांच्या वर्गणीवर चालणारा. सुरुवात कापड, इंजिनियरिंग आणि खनिज-धातू या उद्योगांपासून करायची. 1945 मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे दोन तज्ज्ञ, स्टॅक आणि राव, यांनी तो तपासला आणि बाळंतपणाचा लाभ व कामावर झालेल्या अपघाताची भरपाईही त्याच योजनेत आणावी असे सुचवले. जून-जुलै 1946 ला बाबासाहेबांचा कार्यकाळ संपला. विधेयक नोव्हेंबर 1946 मध्ये मांडले गेले आणि राज्य कामगार विमा कायदा, म्हणजे आपला ईएसआय, 19 एप्रिल 1948 ला झाला. तेव्हा मजूरमंत्री बाबू जगजीवन राम होते आणि बाबासाहेब कायदामंत्री.

जयंतीच्या बॅनरवर ईएसआय कायदा बाबासाहेबांनी केला असे सरसकट छापले जाते. नेमके सांगायचे तर योजना त्यांच्या खात्यात जन्मली, वाढली, तपासून घेतली गेली. कायदा पुढच्या मंत्र्याच्या हातून झाला. एवढे खरे सांगितले तरी पुष्कळ आहे. विरोधक एक चुकीची तारीख दाखवून सगळेच खोटे ठरवू पाहतात, त्यांना ती संधी कशाला द्यायची?

याच सुमारास दुसरी एक समिती काम करत होती. सर जोसेफ भोर यांची. (भोर हे त्यांचे आडनाव, मराठीत कुणी भोरे म्हणतात. नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी. आमच्या गावाशी नावापुरताच योग.) ही समिती 1943 मध्ये नेमली गेली ती आरोग्य खात्याकडून, बाबासाहेबांच्या खात्याशी तिचा थेट संबंध नव्हता. 1946 च्या तिच्या अहवालाने वेगळी वाट धरली. बहुसंख्य जनता इतकी गरीब आहे की तिच्याकडून विम्याची वर्गणी मागण्यात अर्थ नाही, तेव्हा उपचार सर्वांना मोफत आणि खर्च करांतून, अशी ती वाट. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये हे तिचे सूत्र. जवळच्या काळासाठी 40,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि दूरच्या काळासाठी 10,000 ते 20,000 लोकांमागे 75 खाटांचे रुग्णालय, हा तिचा आराखडा. ब्रिटनमध्ये बेव्हरिज यांच्या 1942 च्या अहवालानंतर तेच ठरत होते. 5 जुलै 1948 ला तिथे करांवर चालणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि 1911 च्या कायद्याबाहेर राहिलेली कामगाराची बायकोही आत आली.

या सगळ्यात भोर-वेल्ह्याची माणसे कुठे होती? कायद्याच्या बाहेर. भोर हे पंत सचिवांचे संस्थान होते. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड हे त्याचे तालुके. दिल्लीत मजूरमंत्र्याने केलेला कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात चाले, संस्थानी प्रजेला तो लागू नसे. मावळातला जो माणूस घर सोडून मुंबईच्या गिरणीत गेला, त्याला बाबासाहेबांच्या कायद्याची सावली मिळाली. खाचरात राहिलेल्याला नाही. 8 मार्च 1948 ला भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पुढे सहा आठवड्यांत ईएसआय कायदा झाला. आपण कायद्याच्या हद्दीत आलो, पण तो कायदा वीजेवर चालणाऱ्या, वीस किंवा जास्त कामगारांच्या बारमाही कारखान्यांचा होता. 24 फेब्रुवारी 1952 ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली तेव्हा दोन्ही मिळून 1,20,000 कामगार तिच्यात होते. भातशेती करणारा त्यात कसा असणार?

बाबासाहेबांना ही उणीव दिसत नव्हती असे म्हणता येणार नाही. 1947 मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे त्यांनी घटना समितीपुढे ठेवण्यासाठी राज्ये आणि अल्पसंख्याक हे निवेदन लिहिले. त्यात विमा सरकारच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने उत्पन्नाच्या मानाने विमा उतरवणे सक्तीचे असावे, असे कलम आहे. शेतीही सरकारी उद्योग व्हावी असे त्यात आहे. तो आयुर्विमा होता, आजारपणाचा नव्हे, हे लक्षात ठेवावे. तरी प्रत्येक नागरिक हा शब्द महत्त्वाचा. हे निवेदन संविधानात उतरले नाही. जे उतरले ते असे: कलम 42 मध्ये प्रसूती साहाय्य, कलम 47 मध्ये पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य. दोन्ही मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे त्यांवर कोर्टात जाता येत नाही. सातव्या अनुसूचीत रुग्णालये राज्यांकडे गेली आणि सामाजिक विमा केंद्र व राज्य दोघांकडे. काम एकाकडे आणि मोठी तिजोरी दुसऱ्याकडे, हे 1925 च्या ग्रंथातले दुखणे थोडे शिल्लक राहिलेच.

1948 पर्यंत त्यांचे स्वतःचे शरीर थकले होते. मधुमेह, पायांच्या नसांचे दुखणे, झोप नाही. उपचारांच्या निमित्ताने डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली आणि 15 एप्रिल 1948 ला दिल्लीत विवाह झाला. त्या आपल्या माईसाहेब. संविधान, हिंदू कोड बिल, 1951 चा राजीनामा, बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ, सगळे या दुखण्यातच. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा घेताना त्यांना काठीचा आणि माणसांचा आधार लागत होता. 6 डिसेंबरला दिल्लीत महापरिनिर्वाण झाले.

ज्या धम्मात त्यांनी आपल्याला आणले, त्याच्या विनयपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. तो आपल्याच घाणीत पडून होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते, कारण तो त्यांच्या कुठल्या कामाचा नव्हता. भगवंतांनी आनंदांना पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुऊन काढले, खाटेवर निजवले, आणि मग संघाला बोलावून आजाऱ्याची सेवा ही बुद्धाच्याच सेवेसारखी ठरवून दिली. काम करतो त्यालाच उपचार, हा नियम तथागतांनी तिथे मोडला. ईएसआयचा विचार करताना आम्हाला ही कथा पुन्हा पुन्हा आठवते, कारण पगाराला जोडलेल्या विम्याची मर्यादा नेमकी तीच आहे.

आमच्याकडचे उदाहरण घ्या. भोरची कितीतरी पोरे शिरवळच्या कारखान्यांत जातात. महिना पगार 21,000 पर्यंत असेल तर त्यातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो, आणि राज्य सरकार उपचारखर्चाचा आठवा हिस्सा उचलते. दिवसाची सरासरी मजुरी 176 रुपयांपर्यंत असेल तर कामगाराचे काहीच कापले जात नाही. त्या बदल्यात तो, बायको, मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईबापही योजनेत येतात. म्हणजे वेल्ह्याच्या खाचरात लावणी करणारा म्हातारा बाप पोराच्या कार्डावर पुण्यात बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात जाऊ शकतो. बाबासाहेबांच्या खात्यात लावलेले रोप इथवर आले. पण पोराचे कंत्राट संपले, किंवा पगार 22,000 झाला, की सहामाही संपल्यावर तो बाहेर पडतो आणि त्याच्यासोबत बापही. बापाचा दमा तसाच राहतो.

मग त्याच्यासाठी उरते ती भोर समितीची वाट. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सर्वांना खुली आहे आणि कुटुंबाला 5 लाखांचे संरक्षण देते. तीत मुख्यतः भरती होऊन घ्यायचे ठरावीक उपचार बसतात, आणि मोठी रुग्णालये पुण्यात. ताप, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, भातकापणीत झालेला सर्पदंश, अडलेले बाळंतपण, यांना जवळचा सरकारी दवाखानाच लागतो. डोंगरी भागासाठी आजचा निकष 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तेही 6 खाटांचे. भोर समितीने 75 म्हटले होते. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 2.5 टक्के करण्याचे ठरवले होते. देश तिथे पोचलेला नाही. आमचे मत उघड आहे. डोंगरातल्या माणसाला विमा कार्डापेक्षा डॉक्टर हजर असलेला, औषध असलेला दवाखाना आधी हवा, आणि त्याचा खर्च करांतूनच झाला पाहिजे. कारखान्यात जाणाऱ्यांचा ईएसआय मात्र एक पैसाही न सोडता मालकाकडून घेतला पाहिजे.

दुसरी गोष्ट आपल्या हातात आहे. कंत्राटी पोरांच्या पगारातून वर्गणी कापली जाते, पण नोंदणी झाली की नाही हे बऱ्याच जणांनी कधी पाहिलेले नसते. येत्या 14 एप्रिलला मिरवणुकीआधी, सकाळी वंदना झाल्यावर, विहारात एक टेबल मांडायचे आम्ही ठरवले आहे. कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येकाने आधार कार्ड, मोबाइल आणि मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणाव्यात. विमा क्रमांक आहे का आणि त्यावर आईवडिलांची नावे चढली आहेत का, ते तिथेच तपासू.